1969 : रेड्डींच्या उमेदवारीमुळे काँग्रेस फुटली, असे म्हणता येईल का?

उंबरठा

एखाद्या पक्षाने असा उमेदवार दिला की ज्याच्या नावावरून पक्षातच दोन तट पडावेत, तर तो एक उमेदवार सबंध पक्ष बुडवू शकतो का, हा प्रश्न गेले काही दिवस डोक्यात घोळतो आहे. चर्चा बहुधा विधानसभेच्या तिकिटांवरून सुरू होते, बंडखोरी आणि पाडापाडीच्या किश्शांत रमते आणि तिथेच संपते. मला त्याहून मोठे आणि पुरेसे जुने झालेले उदाहरण घ्यावेसे वाटते, म्हणजे आजच्या पक्षनिष्ठा आड येणार नाहीत. म्हणून 1969 ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक.

घटनाक्रम थोडक्यात असा. 3 मे 1969 रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काळजीवाहू राष्ट्रपती झाले. जुलैत बंगलोरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाने लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांना ते नाव नको होते. गिरी राजीनामा देऊन अपक्ष उभे राहिले. मतदानाच्या तोंडावर पंतप्रधानांनी आपल्या पक्षाच्या लोकप्रतिनिधींना सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत देण्याचे आवाहन केले, गिरी निवडून आले, आणि 12 नोव्हेंबरला काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांच्या बाजूच्या कार्यकारिणीने खुद्द पंतप्रधानांनाच पक्षातून काढून टाकले. चौऱ्याऐंशी वर्षांचा पक्ष उमेदवारीच्या निर्णयानंतर चार महिन्यांत दुभंगला.

मला पडलेला पेच असा की, रेड्डी हा काही जहाल किंवा वादग्रस्त मनुष्य नव्हता. आंध्रचे मुख्यमंत्री, काँग्रेसचे अध्यक्ष, लोकसभेचे सभापती अशी सरळ चढत गेलेली त्यांची कारकीर्द होती. मग फूट पाडण्याची ताकद त्यांच्या नावात आली कुठून? बंगलोरला दुसरे कुठले नाव निघाले असते, तर पक्ष टिकला असता का? आणि दुसऱ्या देशांत असे घडले तेव्हा पक्षांचे पुढे काय झाले, हेही जाणकारांनी सांगावे. कृपया चर्चा आजच्या पक्षांवर नेऊ नये.

काथ्याकूट

प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तर थोडे लांबवतो.

बंगलोरच्या बैठकीकडे उमेदवार ठरवण्याची बैठक म्हणून पाहिले, तर तिचा अर्थच लागत नाही. 1967 च्या निवडणुकीत काँग्रेसच्या लोकसभेतल्या जागा 361 वरून 283 वर आल्या होत्या, अनेक राज्ये हातची गेली होती, आणि संघटनेवर पकड असलेल्या ज्या मंडळींना तेव्हा ‘सिंडिकेट’ म्हणत, त्यांतले बिनीचे शिलेदार स्वतःच पडले होते. कामराज विरुदुनगरला पडले, अतुल्य घोष बांकुड्याला, आणि ‘मुंबईचे अनभिषिक्त राजे’ स. का. पाटील दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडून. (पाटील पुढे गुजरातेतल्या बनासकांठ्याच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत आले. ज्यांच्या शब्दावर मुंबईतली तिकिटे ठरत, त्यांना स्वतःसाठी मतदारसंघ परराज्यात शोधावा लागला.) अशा वेळी संघटना मोठी की सरकार मोठे, हा वाद काँग्रेसमध्ये धुमसत होता. राष्ट्रपती कोण होणार याला महत्त्व आले ते एवढ्यासाठी की, लोकसभेत कोणालाच स्पष्ट बहुमत नसेल, तेव्हा पंतप्रधान म्हणून कोणाला बोलवायचे हे राष्ट्रपती ठरवतो. सिंडिकेटला तिथे आपला माणूस हवा होता, आणि तो आपल्याला काढण्यासाठीच बसवला जात आहे, असा इंदिरा गांधींचा समज होता. समज खरा की खोटा, हे सोडून देऊ. राजकारणात असा समज पुरतो.

मंडळात मतदान झाले. रेड्डींच्या बाजूने मोरारजी देसाई, कामराज, स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण. जगजीवनराम यांच्या बाजूने इंदिरा गांधी आणि फक्रुद्दीन अली अहमद. पंतप्रधानांनी सुचवलेले नाव त्यांच्याच पक्षाच्या मंडळात चार विरुद्ध दोन मतांनी पडले. त्यानंतरचा आठवडा पाहा. 16 जुलैला मोरारजींकडून अर्थखाते काढून घेतले, त्यावर त्यांनी उपपंतप्रधानपदाचाही राजीनामा दिला. 19 जुलैला 14 मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्या वटहुकमावर काळजीवाहू राष्ट्रपती म्हणून सही होती व्ही. व्ही. गिरींची, आणि दुसऱ्याच दिवशी राजीनामा देऊन ते निवडणुकीला मोकळे झाले. बंगलोरमध्ये जो पराभव चार-दोन माणसांच्या खोलीत झाला, त्याचे उत्तर त्या खोलीत न देता रस्त्यावर दिले गेले. उमेदवाराचा वाद पाहता पाहता ‘गरिबांच्या बाजूचे कोण’ असा वाद झाला, आणि बिचारे रेड्डी, ज्यांचा बँकांशी सुतराम संबंध नव्हता, ते धनिकांचे उमेदवार ठरले.

म्हणून माझे उत्तर : रेड्डींनी पक्ष फोडला नाही. फुटायला निघालेल्या पक्षाला दोन्ही बाजूंच्या माणसांची मोजदाद करायला एक निमित्त हवे होते, ते त्यांच्या उमेदवारीने पुरवले.

सह्यकडा

काथ्याकूट यांच्या प्रतिसादातला शेवटचा परिच्छेद मला मान्य नाही, कारण ‘निमित्त’ या शब्दात उमेदवारीचे महत्त्व फार कमी होते.

पक्षांतर्गत भांडणे वर्षानुवर्षे चालू शकतात. काँग्रेसमध्ये ती 1907 पासून चालत आली होती. धोरणाचा ठराव असेल, तर त्याची भाषा सौम्य करता येते, दोन्ही गटांना आवडेल असे एखादे वाक्य घुसडता येते, अगदीच नाही जमले तर विषय पुढच्या अधिवेशनावर ढकलता येतो. याच बंगलोरच्या अधिवेशनात इंदिरा गांधींनी आर्थिक धोरणावरचे आपले ‘विखुरलेले विचार’ एका टिपणात पाठवले होते, आणि ते काँग्रेसने फारशी खळखळ न करता स्वीकारलेही. बँकांसारख्या प्रश्नावर तडजोड झाली, हे विसरू नये. उमेदवाराच्या बाबतीत ती सोय नसते. अर्धा रेड्डी आणि अर्धा जगजीवनराम असा माणूस मिळत नाही. शिवाय मतदानाची तारीख ठरलेली असते, 16 ऑगस्ट म्हणजे 16 ऑगस्ट, आणि त्या दिवशी प्रत्येक आमदार-खासदाराला मनातल्या मनात का होईना, एका बाजूला उभे राहावेच लागते. एरवी जी हजार माणसे कुंपणावर बसून आयुष्य काढतात, त्यांना उमेदवारी खाली उतरवते. त्यामुळे भांडण जुने होते हे खरे असले, तरी ते 1969 मध्येच फुटले आणि इतक्या सरळ रेषेत फुटले, याचे श्रेय किंवा दोष उमेदवारीकडेच जातो.

काथ्याकूट

सह्यकडा, मुद्दा दमदार आहे. विशेषतः आर्थिक टिपण स्वीकारले गेले आणि उमेदवार मात्र नाही, हे माझ्याकडून निसटले होते. त्याला आकड्यांची जोड देतो, कारण ‘सरळ रेषेत फुटले’ या शब्दांबद्दल मला शंका आहे.

या निवडणुकीत मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो, आणि प्रत्येकाच्या मताला ठरावीक मूल्य असते. पहिल्या पसंतीची मते : गिरी 4,01,515, रेड्डी 3,13,548, चिंतामणराव देशमुख 1,12,769. बाकीच्या उमेदवारांची मते किरकोळ. विजयासाठी 4,18,169 हवी होती. ती कोणालाच मिळाली नाहीत, आणि राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पहिल्यांदाच दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. शेवटी गिरी 4,20,077 आणि रेड्डी 4,05,427. फरक 14,650. खासदाराच्या एका मताचे मूल्य तेव्हा 576 होते, म्हणजे हा फरक पंचवीस-सव्वीस खासदारांच्या मतांएवढा; तेरा खासदार इकडचे तिकडे झाले असते, तर रेड्डी राष्ट्रपती झाले असते.

यात दोन गोष्टी दिसतात. देशमुख हे स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाचे उमेदवार. निजलिंगप्पांनी या दोन पक्षांच्या नेत्यांना भेटून दुसऱ्या पसंतीची मते रेड्डींना मिळावीत अशी खटपट केली होती, आणि दुसऱ्या फेरीत रेड्डींची मते जवळजवळ 92 हजारांनी वाढली, तर गिरींची साडेअठरा हजारांनी. म्हणजे बाहेरच्यांनी बहुतांशी शब्द पाळला. रेड्डी कमी पडले ते घरच्यांमुळे. दुसरे असे की, त्या भेटीगाठींनीच इंदिरा गांधींच्या बाजूला हवे ते कोलीत दिले. जगजीवनराम आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी अध्यक्षांना पत्र पाठवून जनसंघाशी काय बोलणी झाली याचा जाब विचारला. विवेकबुद्धीच्या आवाहनाला तोंड तिथून फुटले. पंतप्रधानांनी रेड्डींच्या अर्जावर सूचक म्हणून स्वतः सही केलेली होती, हे लक्षात घेतले तर त्यांनाही या निमित्ताची गरज किती होती ते कळेल. आपल्याच सहीच्या उमेदवाराला पाडायचे, तर त्याला पुरेसे सबळ कारण लागते. अध्यक्षांनी व्हिप काढायला सांगितले, तो त्यांनी काढला नाही.

(चिंतामणराव देशमुख म्हणजे महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे. त्या लढतीतला सर्वांत विद्वान उमेदवार तिसरा आला. त्यांच्या उमेदवारीबद्दल मराठीत फार कमी बोलले जाते, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.)

हडसनकाठ

धागाकर्त्यांनी दुसऱ्या देशांबद्दल विचारले आहे. मी अमेरिकेत राहतो, आणि इथल्या इतिहासात या प्रश्नाची दोन उदाहरणे आहेत, जी शेजारी शेजारी ठेवली की डोके चक्रावते.

पहिले 1964 चे. रिपब्लिकन पक्षाने ॲरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांना अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. त्या वर्षीच्या नागरी हक्क कायद्याच्या विरोधात त्यांनी सिनेटमध्ये मत दिले होते, तर त्याच पक्षाच्या बहुसंख्य सिनेटरांनी बाजूने. सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर बोलायला उभे राहिले, तेव्हा गोल्डवॉटर समर्थकांनी त्यांची हुर्यो उडवली, आणि उमेदवाराने स्वीकाराच्या भाषणात स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी टोकाला जाणे हा दुर्गुण नव्हे असे ठणकावून सांगितले. पक्षातली दरी सबंध देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली. निकाल : 38.5 टक्के मते. स्वतःचे ॲरिझोना आणि दक्षिणेतली पाच राज्ये मिळून फक्त सहा राज्ये. प्रतिनिधिगृहात पक्षाच्या 435 पैकी 140 जागा. पक्षाचे मृत्युलेख लिहिले गेले. दोन वर्षांनी त्याच पक्षाने प्रतिनिधिगृहात 47 जागा परत मिळवल्या, आणि चार वर्षांनी रिचर्ड निक्सन अध्यक्ष झाले.

दुसरे 1852 चे. व्हिग पक्ष हा त्या काळातल्या दोन मोठ्या पक्षांपैकी एक, चार वर्षांपूर्वीच अध्यक्षपद जिंकलेला. गुलामगिरीच्या प्रश्नावर 1850 मध्ये झालेल्या समझोत्यामुळे, विशेषतः पळून गेलेल्या गुलामांना पकडून मालकाकडे परत पाठवण्याच्या कायद्यामुळे, पक्षाचे उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे लोक एकमेकांकडे संशयाने पाहत होते. त्या कायद्यावर सही करणारे अध्यक्ष फिल्मोर हे व्हिगच होते. बाल्टिमोरच्या अधिवेशनात उमेदवार ठरायला 53 फेऱ्या लागल्या. उमेदवार उत्तरेकडच्यांच्या पसंतीचा, म्हणजे जनरल विनफिल्ड स्कॉट, आणि जाहीरनामा दक्षिणेकडच्यांच्या पसंतीचा, अशी वाटणी झाली. कागदावर ही तडजोड दिसते, पण प्रत्यक्षात उत्तरेतल्या व्हिगांना जाहीरनाम्याची लाज वाटली आणि दक्षिणेतल्यांना उमेदवाराचा भरवसा वाटला नाही. जॉर्जियाच्या स्टीफन्स आणि टूम्ब्स यांच्यासारख्या नेत्यांनी स्कॉट यांना पाठिंबा नाकारला. स्कॉट चार राज्यांत जिंकले आणि 254 विरुद्ध 42 अशा निर्वाचक मतांनी हरले. 1856 मध्ये या पक्षाला स्वतःचा उमेदवारही देता आला नाही. उरलेसुरले लोक जमले आणि दुसऱ्याच पक्षाने उभ्या केलेल्या फिल्मोर यांना त्यांनी पाठिंबा दिला.

आता चक्रावण्याची गोष्ट. स्कॉट यांना जवळजवळ 44 टक्के लोकांनी मते दिली होती, गोल्डवॉटर यांच्यापेक्षा पाच टक्के जास्त. ज्या पक्षाचा पराभव सौम्य होता तो मेला, आणि ज्याचे पानिपत झाले तो चार वर्षांत सत्तेत आला. तेव्हा उमेदवाराने किती मते घालवली यावरून पक्ष जगेल की मरेल हे ठरत नाही, एवढे तरी नक्की.

तळटीप

हडसनकाठ, मग कशावरून ठरते? तुलना वाचून उत्सुकता वाढली आणि प्रतिसाद तिथेच संपला!

हडसनकाठ

तळटीप, माझे मत सांगतो.

पक्ष सोडून जाणाऱ्याला जायला जागा आहे का, यावर बरेचसे अवलंबून असते. 1854 मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायदा झाला, गुलामगिरीचा जो प्रश्न मिटला असे सांगितले जात होते तो पुन्हा उघडा पडला, आणि त्याच वर्षी उत्तरेत रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. शिवाय स्थलांतरितांविरुद्ध उभा असलेला ‘नो-नथिंग’ पक्ष होताच. नाराज व्हिगला दोन दारे उघडी होती. लिंकन हे जन्मभराचे व्हिग. तेही त्यांतल्या एका दाराने गेले. 1964 मध्ये गोल्डवॉटर यांच्यावर चिडलेल्या रॉकफेलरपंथीयाला असे दार नव्हते. त्याने एका निवडणुकीत जॉन्सन यांना मत दिले आणि तो घरी परत आला.

आता हे दार 1854 मध्ये उघडे आणि 1964 मध्ये बंद का, याचे एक अगदी रूक्ष कारण आहे, जे मला सर्वांत पटते. 1850 च्या दशकात अमेरिकेत सरकारी मतपत्रिकाच नव्हती. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांची यादी स्वतः छापत असे, आणि मतदार तो कागद पेटीत टाकत असे. छापखाना आणि चार कार्यकर्ते असले, की नवा पक्ष निवडणुकीत उतरू शकत होता. 1890 च्या सुमारास राज्यांनी सरकारी मतपत्रिका आणली, तेव्हा तिच्यावर कोणाचे नाव छापायचे हे कायद्याने ठरू लागले. सह्या गोळा करा, मुदती पाळा, मागच्या निवडणुकीत अमुक टक्के मते मिळवलेली दाखवा. जुन्या दोन पक्षांना आपोआप जागा, नव्याला प्रत्येक राज्यात वेगळी कसरत. 1912 मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्यासारखा लोकप्रिय माजी अध्यक्ष रिपब्लिकन पक्षातून बाहेर पडला, पक्षाचे अधिकृत उमेदवार टाफ्ट यांना त्याने तिसऱ्या क्रमांकावर ढकलले, टाफ्ट यांना केवळ दोन राज्ये उरली; आणि तरीही 1916 मध्ये रूझवेल्ट यांनी स्वतःच्या नव्या पक्षाची उमेदवारी नाकारून जुन्या पक्षाच्या ह्यूज यांना पाठिंबा दिला. नवे घर बांधणे एवढे अवघड होऊन बसले होते.

मात्र गोल्डवॉटर प्रकरणात पक्ष ‘वाचला’ असे म्हणताना मला थोडे अडखळायला होते. नाव वाचले, कचेऱ्या वाचल्या. पण रॉकफेलर ज्या उदारमतवादी पंथाचे होते, तो पंथ पुढच्या दोन दशकांत त्या पक्षातून जवळजवळ दिसेनासा झाला, आणि 1964 च्या ऑक्टोबरमध्ये गोल्डवॉटर यांच्यासाठी दूरचित्रवाणीवर भाषण करणारे रोनाल्ड रेगन 1980 मध्ये अध्यक्षपदी निवडून आले. पाटी तीच, दुकान दुसरे.

नाना कऱ्हाडकर

इतका वेळ वाचत होतो. ‘जायला जागा’ आणि ‘मतपत्रिका’ हे वाचून राहवले नाही, कारण आमच्याकडे या दोन्ही गोष्टींचे नाव एकच होते : बैलजोडी, म्हणजे काँग्रेसचे तेव्हाचे निवडणूक चिन्ह.

मी तेव्हा आठवीत होतो. आमचे आजोबा गावातले जुने काँग्रेसवाले, आणि आमच्या वाड्याच्या रस्त्याकडच्या भिंतीवर गेरूने काढलेली बैलजोडी दर निवडणुकीला उजळली जात असे. आजोबांच्या लेखी काँग्रेस म्हणजे बैलजोडी, यापलीकडे फारसा अर्थ नव्हता. 1971 च्या निवडणुकीला पंतप्रधानांचा पक्ष गायवासरू घेऊन आला आणि संघटनावाल्यांना, म्हणजे निजलिंगप्पांच्या बाजूच्या ‘संघटना काँग्रेस’ला, मिळाली चरखा चालवणारी बाई. बैलजोडी दोघांनाही नाही, कारण वाद कोर्टात होता. आमच्या आजीने विचारले होते, “मग बैलं कुणाला दिली?” आजोबांना उत्तर देता आले नाही. त्यांचा जीव संघटनेत होता, मोरारजींबद्दल राग असला तरी कामराजांबद्दल आदर होता, आणि आपल्याच उमेदवाराला पाडणे हा त्यांच्या मते शुद्ध बेइमानीचा प्रकार होता. तरीही भिंतीवर चुना मारून गायवासरूच काढले गेले, आणि ते काढायला माणूस आजोबांनीच लावला.

याचे कारण बंगलोरच्या त्या चार मतांतल्या एका मतात आहे. यशवंतराव चव्हाणांनी तिथे रेड्डींच्या बाजूने हात वर केला, पण फुटीच्या वेळी ते इंदिरा गांधींच्या बाजूला राहिले. त्यांनी असे का केले यावर आमच्या भागात आजही दोन माणसे एकत्र आली तर तीन मते निघतात, आणि मी त्यात चौथे घालत नाही. परिणाम मात्र साधा होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईक, जिल्हा परिषदा, साखर कारखाने, भूविकास बँका, सगळे जिथल्या तिथे राहिले. आमच्या आजोबांपुढे संघटना काँग्रेस हा पर्याय कागदावर होता. पण त्या काँग्रेसकडे तालुक्यात ना कारखाना होता, ना पंचायत समिती, ना बसायला सतरंजी. महाराष्ट्रात 45 पैकी 42 जागा गायवासराला मिळाल्या. शेजारी गुजरातेत मुख्यमंत्री हितेंद्र देसाई संघटनेबरोबर राहिले होते, म्हणून देशभरातल्या संघटना काँग्रेसच्या 16 जागांपैकी 11 एकट्या गुजरातेतून आल्या.

सह्यकडा

नाना, पण म्हैसूरचे काय? तिथेही वीरेंद्र पाटलांचे सरकार संघटनेकडेच होते, निजलिंगप्पांचे घरचे राज्य, आणि तरी 1971 मध्ये 27 च्या 27 जागा इंदिरा गांधींच्या पक्षाला गेल्या. कारखाना आणि सतरंजी यांनी सगळे उलगडत नाही.

नाना कऱ्हाडकर

बरोबर आहे, म्हैसूरचा दाखला माझ्या म्हणण्याला छेद देतो. मी आमच्या तालुक्यापुरते बोललो, ते तेवढ्यापुरतेच धरावे. तिथे गरिबी हटाव या घोषणेने स्थानिक सत्तेलाही ओलांडले असावे.

उंबरठा

सर्वांचे आभार. एवढ्या नेमक्या माहितीची अपेक्षा नव्हती.

एक गाठ अजून सुटत नाही. हडसनकाठ म्हणतात तसे, नाव वाचले म्हणजे पक्ष वाचला का? 1971 मध्ये एकाला 352 जागा आणि दुसऱ्याला 16. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सादिक अली खटल्यात निकाल दिला की, पक्षाच्या संघटनेत आणि विधिमंडळांत बहुमत ज्या गटाकडे तोच खरा पक्ष. (त्या कसोटीचा उल्लेख शिवसेनेबाबत 2023 मध्ये आणि राष्ट्रवादीबाबत 2024 मध्ये निवडणूक आयोगाच्या निर्णयांत आला, एवढे नोंदवून थांबतो, कारण आजच्या पक्षांवर जायचे नाही असे मीच म्हटले होते.) म्हणजे कायद्याच्या दृष्टीने काँग्रेस फुटलीच नाही, काही लोक बाहेर गेले, इतकेच. पण ज्या पक्षात पंतप्रधानांचे नाव चार विरुद्ध दोन मतांनी पडू शकत होते, तो पक्ष पुढे कुठे दिसला? बंगलोरनंतर त्या पक्षाच्या संसदीय मंडळात पंतप्रधानांच्या इच्छेविरुद्ध उमेदवार ठरल्याचे मला तरी आठवत नाही. मला वाटते, बुडाले ते हे. व्हिगांसारखे नाव बुडाले नाही, म्हणून ते लवकर लक्षात आले नाही.

आणि काथ्याकूट, माझा मूळ प्रश्न तुम्ही टाळलात : जगजीवनराम यांचे नाव मान्य झाले असते तर?

काथ्याकूट

टाळला खरा, कारण जर-तरची उत्तरे देणे मला धोक्याचे वाटते. तरी विचारलेच आहे तर सांगतो.

जगजीवनराम यांचे नाव मान्य झाले असते, तर 1969 चा ऑगस्ट शांततेत गेला असता. गिरी बहुधा उभेच राहिले नसते, किंवा उभे राहून किरकोळ ठरले असते. पण मोरारजी अर्थमंत्री राहिले असते का, बँकांचा वटहुकूम त्याच आठवड्यात निघाला असता का, याबद्दल मला शंका आहे. भांडण पुढच्या काँग्रेस अध्यक्षाच्या निवडीवर गेले असते, आणि तिथे सह्यकडा म्हणतात तशी ‘अर्धा-अर्धा माणूस मिळत नाही’ ही अडचण पुन्हा आलीच असती. एवढे मात्र मानतो की, त्या वेळी मतदार हे पक्षाचे स्वतःचे प्रतिनिधी असते. डावे पक्ष, द्रमुक आणि अकाली दल यांची मते मिळवून आपल्या पक्षाला हरवण्याची सोय तिथे पंतप्रधानांना नसती. राष्ट्रपतिपदाची निवडणूक हीच एक जागा होती जिथे पक्षातले अल्पमत बाहेरच्यांना धरून पक्षाचा पराभव करू शकत होते, आणि मतदान गुप्त असल्यामुळे कोणाचे नावही पुढे येत नव्हते. या अर्थाने उमेदवारापेक्षा ते पदच घातक होते. हे लिहिताना लक्षात येते की, मी माझ्या पहिल्या प्रतिसादापासून बराच सरकलो आहे. ‘निमित्त’ हा शब्द मी मागे घेतो.

राहता राहिले रेड्डी. 1977 मध्ये ते आंध्रातल्या नंद्यालमधून जनता पक्षातर्फे निवडून आले. आंध्रातल्या 42 जागांपैकी जनता पक्षाला मिळालेली ती एकमेव. पुन्हा लोकसभेचे सभापती झाले, आणि त्याच जुलैत राष्ट्रपतिपदाची निवडणूक लागली. तेव्हा पंतप्रधान होते बंगलोरला त्यांना मत देणारे मोरारजी, आणि संरक्षणमंत्री होते बंगलोरला त्यांच्याविरुद्ध पडलेले जगजीवनराम. काँग्रेसने उमेदवार दिला नाही. एकूण 37 अर्ज आले होते, छाननीत 36 बाद झाले, आणि रेड्डी बिनविरोध निवडून आले.